खाल्ल्या मिठाला जागणारी किडनी

‘खाल्ल्या मिठाला जाग’ हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर ऐकले. गावकीची कामे करायची, मेलेली ढोरे ओढायची, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन कोसन्‌कोस पळायचे, आणि बदल्यात मिळालेल्या शिळ्या तुकड्यासाठी वर हेही ऐकून घ्यायचे की आमचे मीठ खाता, मिठाला जागा. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, ते हे मिठाचे देणे एकदाचे फेडून टाकण्यासाठीच, असे मला नेहमी वाटते.

मालकाच्या मिठाचा हिशेब आपण संपवला. ताटातल्या मिठाचा हिशेब मात्र रोज होतो आणि तो ठेवते किडनी, म्हणजे मूत्रपिंड. ती कोणाच्या मिंध्यात नाही. दहा ग्रॅम मीठ खाल्ले तर घामातून जाईल ते सोडून उरलेले सगळे ती लघवीवाटे बाहेर टाकते. पाच ग्रॅम खाल्ले तर पाचाचा हिशेब करते. हे तिला जमते कारण शरीरातल्या पेशी एकमेकींना सतत सांगावा धाडत असतात. या महिन्याच्या आरोग्य पानावर या सांगाव्याविषयीच लिहायचे आहे, कारण ऊन तापू लागले आहे, जयंती तोंडावर आली आहे, आणि आपल्या वस्त्यांमध्ये एक सवय अशी पसरली आहे की ती हा सांगावाच मध्ये तोडते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतले एक काका अक्कलकोट रस्त्याकडच्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात. बारा तासांची पाळी, पत्र्याची शेड, वर पंखा असला तरी सूत उडते म्हणून बंद. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून सुटी गोळी घ्यायची, सकाळी एक, रात्री एक. हे चार-पाच वर्षे चालू. शिवाय बीपीची गोळी. मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले. हजेरी बुडते म्हणून तसेच कामावर गेले, अंग मोडून आले म्हणून दुखण्याची एक गोळी जास्त घेतली. तिसऱ्या दिवशी लघवी जवळपास बंद, पाय सुजलेले, चेहरा फुगलेला. सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “काका, दुखण्याची गोळी कोणती घेता?” दारू पिता का, हे त्यांनी नंतर विचारले.

काका वाचले. डायलिसिसची वेळ आली नाही, पण किडनी पूर्वीसारखी झाली नाही. दारूला न शिवणारा, दर पौर्णिमेला विहारात येणारा माणूस. वस्तीत चर्चा झाली ती मात्र एकच: “चटणी-मीठ लई खायचे, दुसरं काय?” हे मला पटले नाही. मीठ जास्त होत असेल, नाही असे नाही. पण काकांची किडनी त्या तीन दिवसांत बसली ती मिठाने नव्हे. तिथे काय झाले ते नीट समजून घेतले तर आपल्यातली कितीतरी माणसे वाचतील.

आधी किडनीचे काम किती मोठे आहे ते बघा. मुठीएवढा अवयव, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन किडन्यांकडे जातो. दिवसाला त्या साधारण 180 लिटर पाणी गाळतात. अंगात रक्त आहे पाचेक लिटर, म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा गाळले जाते. या पाण्याबरोबर रोज जवळपास दीड किलो मीठ गाळणीखाली उतरते. दीड किलो, ग्रॅम नव्हे! ते सगळे लघवीतून गेले तर माणूस दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून गाळणीपुढच्या लांबलचक नळीतून त्यातले नव्याण्णव टक्क्यांहून जास्त मीठ परत रक्तात ओढून घेतले जाते, आणि पाणीही. लघवी होते ती दीड-दोन लिटर.

बहुतेक मीठ नळीच्या सुरुवातीलाच परत जाते. खरा हिशेब होतो तो शेवटच्या थोड्या टक्क्यांत. आज किती ठेवायचे, किती सोडायचे हे तिथे ठरते, आणि ते ठरवायला किडनीला बाहेरची खबर लागते.

खबर मिळते कशी? गाळणीच्या तोंडाशी, नळी जिथे वळसा घेऊन परत येते तिथे, काही पेशी पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या असतात. नळीतून किती मीठ वाहते आहे ते त्या चाखतात. मीठ कमी आले की त्यांना कळते, अंगात पाणी-मीठ कमी पडले आहे, रक्ताचा जोर उतरला आहे. त्या शेजारच्या पेशींना सांगतात, आणि त्या शेजारणी रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. 1898 साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या किडनीतून तो पहिल्यांदा दाखवला. रेनिन रक्तात फिरताना यकृताने पाठवलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते. तो तुकडा फुप्फुसांतून जाताना आणखी छाटला जातो, आणि तयार होते अँजिओटेन्सिन. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. ते रक्तवाहिन्यांना म्हणते आवळा, मेंदूला म्हणते तहान लावा, आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी आहे तिला म्हणते, पुढचा सांगावा धाड.

तो पुढचा सांगावा म्हणजे अल्डोस्टेरॉन. हा थेट नळीच्या पेशीत शिरतो, आतल्या केंद्रापर्यंत जातो आणि मीठ ओढून घेणाऱ्या नव्या दारांची ऑर्डर देतो. दारे तयार व्हायला काही तास लागतात. घामाच्या ग्रंथींनाही तो हेच सांगतो, म्हणून उन्हात काम करायची सवय झालेल्या माणसाचा घाम हळूहळू कमी खारट होत जातो. मेंदूतून येणारा पाण्याचा सांगावा वेगळा असतो. तो पेशीत शिरत नाही, दारावरची कडी वाजवतो. आत निरोप जातो आणि काही मिनिटांत पेशीच्या भिंतीत पाण्याच्या तोट्या बसतात. या तोट्या शोधणाऱ्या पीटर आग्रे यांना 2003 साली नोबेल मिळाले. कडक उन्हातून आल्यावर आपली लघवी पिवळीजर्द आणि थोडी होते, ती या तोट्या बसल्यामुळे. ती शरीराची काटकसर असते.

उलटाही सांगावा असतो. मीठ-पाणी जास्त झाले, हृदयावर ताण आला, तर हृदयाच्याच पेशी किडनीला कळवतात की आता सोडून दे. हृदय असा सांगावा धाडते हे 1981 साली कळले. तोवर हृदय म्हणजे नुसता पंप, असेच समजत होते.

आपल्या सोलापुरात बुधवार पेठेत मिलिंदनगर आहे. मिलिंद राजाला नागसेनांनी रथाचे उदाहरण दिले होते: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, हे सगळे एकमेकांच्या आधाराने उभे राहते तेव्हा आपण रथ म्हणतो. किडनीचे तसेच आहे. यकृत, फुप्फुस, मेंदू, हृदय सगळे तिच्या कामात आहेत. ‘हे असेल तर ते होते’ ही तथागतांची शिकवण आपण वंदनेत ऐकतो, ती अंगातही अशी चालू असते.

आता दुखण्याच्या गोळीकडे येतो.

अंगात पाणी कमी पडले की अँजिओटेन्सिन वाहिन्या आवळते हे पाहिले. पण सगळ्याच वाहिन्या आवळल्या तर किडनीत येणारे रक्तही कमी होईल आणि गाळणीच बंद पडेल. म्हणून किडनीच्या पेशी स्वतःपुरता एक उलटा सांगावा काढतात, प्रोस्टाग्लँडिन नावाचा. तो गाळणीत रक्त आणणाऱ्या वाहिनीला सांगतो, बाकीचे आवळोत, तू उघडी राहा. एरवी, पोटात पाणी आणि जेवण असताना, या सांगाव्याची फारशी गरज पडत नाही. उन्हात, घामाने निथळताना, जुलाब-उलटीत मात्र किडनी अक्षरशः याच्यावर जगते.

दुखणे आणि सूजही प्रोस्टाग्लँडिनमुळेच जाणवते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड या सगळ्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणून दुखणे थांबते. हे काम कसे होते ते जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये ॲस्पिरिनवर दाखवले, 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. ती दोन्हीकडचा सांगावा बंद करते. गुडघा शांत होतो आणि किडनीकडे येणारी वाहिनी आवळते.

काकांच्या बाबतीत आणखी एक झाले. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, त्या अँजिओटेन्सिनचा सांगावा अडवतात. या गोळ्या चांगल्या आहेत. बीपी उतरवतात, शुगरच्या पेशंटची किडनी वाचवतात. यातल्या पहिल्या गोळीची कल्पना तर ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून सुचली. पण गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी आवळून गाळणीतला जोर टिकवण्याचे काम अँजिओटेन्सिनच करते. म्हणजे दुखण्याच्या गोळीने पुढची वाट अरुंद केली, बीपीच्या गोळीने मागची सैल केली, आणि जुलाबाने रक्तातले पाणीच कमी केले. तिन्ही एकत्र आले आणि गाळणीत जोर उरला नाही. त्यात लघवीची गोळी, म्हणजे पाणी काढणारी गोळी, चालू असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टर ताईंनी पहिला प्रश्न दुखण्याच्या गोळीचा विचारला तो यामुळे.

हे वाचून कोणी बीपीची गोळी बंद करू नका. उलट ती नियमाने घ्या, कारण बीपी वाढलेले राहिले तर किडनीच्या गाळण्या वर्षानुवर्षे झिजत जातात. बंद करायची आहे ती चिठ्ठीशिवाय रोज घ्यायची दुखण्याची गोळी. दुखणे खरोखर असह्य असेल तर डॉक्टरांना सांगा, मला बीपी आहे, शुगर आहे, मी उन्हात काम करतो, किडनीला चालेल अशी गोळी द्या. साधी पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात घेतली तर किडनीला पुष्कळ सोसते. बीपीच्या पेशंटला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात विचारा की बीपीची आणि पाण्याची गोळी या दोन दिवसांत कशी घेऊ. स्वतःच्या मनाने ठरवू नका, आणि शेजारच्यांच्या तर मुळीच नको.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. ही गोळी कोण खातो? झाडूवाली मावशी, मागावरचा कामगार, हमाल, सेंट्रिंगवाला, दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई. हौसेने कोणी खात नाही. उद्याची हजेरी लागावी म्हणून खातो. दुकानदार सुटी गोळी कागदात गुंडाळून देतो, नाव विचारले तर “अंगदुखीची आहे, घ्या” म्हणतो. गोळीचे नाव पेशंटला माहीत नसते, म्हणून डॉक्टरलाही कळत नाही. म्हणून मी म्हणतो, मीठ कमी खा एवढेच सांगून भागत नाही. तो सल्ला खुर्चीत बसणाऱ्याला पुरतो. बारा तास पत्र्याखाली घाम गाळणाऱ्याला आधी पाणी, सावली आणि विश्रांती पाहिजे.

पाण्याचे काय सांगावे! आपल्या शहराला पाणी येते उजनीतून, शंभर किलोमीटरहून लांबून, आणि नळाला येते काही दिवसांआड. साठवलेल्या पाण्यात आधी स्वयंपाक, मग धुणे, मग अंघोळ, आणि प्यायचे पाणी जपून. बायकांची गोष्ट त्याहून वाईट. कामाच्या ठिकाणी संडास-मुतारी नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, हे मी आमच्या घरातच पाहिले आहे. पाणी कमी, लघवी दाबून धरलेली, मग जळजळ, जंतुसंसर्ग, आणि त्याच्यावर पुन्हा मेडिकलची गोळी. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात प्यायचे पाणी आणि संडास-मुतारी देण्याची जबाबदारी मालकावर टाकली गेली. आजही छोट्या शेडला हे लागू नाही असे तोंडावर सांगणारे मालक भेटतात. कायद्याचे कलम जे असेल ते असो, शेडमध्ये एक माठ आणि एक मुतारी मागायला आपण लाजायचे कारण नाही. चवदार तळ्यावर 1927 मध्ये आपण हातात पाणी घेतले ते काही तहान लागली होती म्हणून नव्हे, पण तहान लागलेल्या माणसाला पाणी मागण्याचा हक्क त्यातूनच आला.

पाणी कसले, हेही पाहिले पाहिजे. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, बुलडाणा, अमरावती या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट, आणि किडनीच्या आजाराची तक्रार तिथली गावे वर्षानुवर्षे करत आली आहेत. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला मध्य अमेरिकेच्या उसाच्या मळ्यांत, बीपी नाही, शुगर नाही अशा राबणाऱ्या तरुण माणसांच्या किडन्या गेल्या. मध्य अमेरिकेतल्या त्या आजारामागे कडक ऊन, कष्ट आणि अपुरे पाणी यांचा हात असावा, असे बरेच संशोधक मानतात. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात 43-44 वर जातो. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायला नको.

मिठाविषयी बोलायचे टाळतो आहे असे वाटू नये, म्हणून ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तो भाजी, भाकरी, चटणी, लोणचे सगळे धरून. आपल्याकडे खाणे त्याहून बरेच जास्त आहे. जास्तीचे मीठ अंगात पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते, आणि किडनीला ते बाहेर टाकायला जास्त जोर लावावा लागतो. पण आपल्या खाण्याची लाज वाटून घेऊ नका. सुकट, बोंबील, लोणचे, उन्हात वाळवलेल्या चान्या ही टिकवण्याची सोय होती. ताजे रोज मिळत नव्हते, तेव्हा आपल्या आयांनी शोधलेली अक्कल होती ती. शेंगाची चटणी तर सोलापूरचा जीव आहे, ती सोडा असे मी म्हणणार नाही. तिच्यात मीठ निम्मे घाला, लसूण-जिरे वाढवा. सुकट दोन पाण्यांत धुवा. ताटात वरून मीठ घ्यायची सवय मोडा. खरे नवे मीठ येते आहे ते पाकिटातून: फरसाण, वेफर्स, पोराच्या हातातले पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, गाड्यावरचा वडापाव. तिकडे हात आखडता घ्या. सैंधव मीठ, काळे मीठ किडनीला चांगले असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सोडियम त्यातही जवळपास तेवढेच असते, आणि आयोडीन बहुधा नसते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. धडधाकट माणसाला ते चालते, पण किडनी आधीच अधू असेल किंवा प्रिल-सार्टनची गोळी चालू असेल तर पोटॅशियम अंगात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. किडनी साफ करण्याची भस्मे आणि काढे विकणाऱ्यांविषयी एकच सांगतो: किडनी रोज 180 लिटर गाळून स्वतः साफ होते, तिला बुवाच्या भस्माची गरज नाही, आणि भस्मात जड धातू असले तर तेच तिला मारतात.

उन्हात काम करणाऱ्याने मग मीठ खायचे की नाही? तहान लागायची वाट न बघता थोडे थोडे पाणी पीत राहा, रोजच्या जेवणातले मीठ बहुतेकांना पुरते. तास-दोन तास घामाने कपडे ओले होत असतील, किंवा जुलाब लागले असतील, तर मीठ-साखरेचे पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जास्त मीठ घालू नका, त्याने फायदा होत नाही, अपाय होतो. साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशीत एक दार असे आहे की साखर आली तरच ते मिठाला आत घेते, आणि मिठामागे पाणी जाते. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पिंपांत कालवून वाटले आणि कॉलऱ्याने मरणाऱ्या हजारोंना वाचवले. मेडिकलमधून ओआरएस घेताना पुडीवर डब्ल्यूएचओचे सूत्र लिहिले आहे का ते पाहा. रंगीत गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, ती उगाच नाही. शुगर किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी हे पाणी रोजचे सरबत म्हणून पिऊ नये.

शुगरवाल्यांसाठी एक चांगली बातमीही याच दारांची आहे. आतड्यातल्या त्या दाराचे एक भावंड किडनीच्या नळीत असते. शुगर वाढली की ते भावंड साखरेबरोबर मीठही भराभर परत ओढते. मग गाळणीच्या तोंडाशी बसलेल्या पहारेकरी पेशींकडे मीठ कमी पोहोचते. त्यांची समजूत होते की अंगात मीठ-पाणी कमी आहे, आणि गाळणीत रक्त आणणारी वाहिनी त्या आणखी उघडतात. गाळणीवर नको इतका जोर येतो, तिची जाळी फाटते, प्रथिन लघवीत उतरते. खबरच चुकीची गेली, म्हणून घर मोडले. ‘ग्लिफ्लोझिन’ गटाच्या नव्या गोळ्या ते दार अडवतात, मीठ पहारेकऱ्यापर्यंत पोहोचू देतात आणि जोर उतरतो. या गोळ्यांनी किडनी जास्त वर्षे टिकते हे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात आधीच संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च 2025 मध्ये, त्यामुळे आता त्या बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. प्रत्येकाला त्या चालतातच असे नाही, पण ‘मला ही गोळी लागेल का’ हे डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले ते आपण वाचतो आणि हळहळतो. त्यांच्या काळी यातले काहीच हाताशी नव्हते.

किडनी दुखत नाही, हा तिचा मोठा दोष म्हणा की गुण. निम्म्याहून जास्त काम बंद पडेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. नंतर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ते मोफत होते, पण बुडालेली हजेरी आणि दमलेले शरीर योजनेत बसत नाही. म्हणून तपासणी आधी. तीन गोष्टी पुरतात: बीपी मोजणे, रक्तातले क्रिएटिनिन, आणि लघवीत प्रथिन जाते का ते पाहणे. तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर सरकारी केंद्रात मोफत तपासतात. शुगर, बीपी, घरात कोणाला किडनीचा आजार, किंवा वर्षाहून जास्त काळ दुखण्याची गोळी, यातले एक जरी असेल तर वर्षातून एकदा या तिन्ही करून घ्या. लघवीला फेस येऊन तो टिकत असेल, सकाळी पापण्या सुजत असतील, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागत असेल, तर वर्षाचीही वाट पाहू नका.

तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले-पुसले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. विहारात त्याची आठवण म्हणून काय करता येईल? आमच्या विहारात गेल्या पावसाळ्यापासून एक बीपी मोजायचे यंत्र ठेवले आहे. पौर्णिमेला वंदनेनंतर नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली सगळ्यांचे बीपी मोजतात आणि वहीत लिहितात. पहिल्याच दिवशी आठ-दहा जण असे निघाले की त्यांना बीपी आहे हेच माहीत नव्हते. हे यंत्र फार महाग नाही, जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे दोन तास कमी केले तर येते.

जयंतीच्या मिरवणुकीतही तेच. भर एप्रिलमध्ये पोरे दुपारपासून रात्रीपर्यंत नाचतात, म्हातारी माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात. आपल्या पाणपोईवर रंगीत सरबताऐवजी या वर्षी साधे गार पाणी आणि एका बाजूला ओआरएसचे पिंप ठेवूया. मंडळाच्या पोरांना हे पटते, गेल्या वर्षी एका मंडळाने केले. पोलीस बंदोबस्तातल्या ताईसुद्धा दोन ग्लास पिऊन गेल्या.

आणि एक काम घरातल्या बायकांसाठी, कारण गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते त्यांनाच माहीत असते. पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना घरात ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आणा. सुटी, कागदात गुंडाळलेली गोळी असेल तर तीही आणा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त फार्मासिस्ट त्या दिवशी बसणार आहेत. कोणती दुखण्याची, कोणती बीपीची, कोणती पाण्याची ते ते प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून देतील. दवाखान्यात जाताना तीच पिशवी बरोबर न्यायची.